तीन सोंगट्यांचा पट

बुद्धिबळाचा घडीचा पट विकत आणला की पुष्कळदा त्याच्या आतल्या अंगाला लांबट, टोकदार त्रिकोणांच्या दोन रांगा रंगवलेल्या असतात. आपल्याकडे बहुतेक घरांत ती बाजू वापरलीच जात नाही. सोबतचे दोन फासे लुडोच्या डब्यात जातात. २, ४, ८ पासून ६४ पर्यंत आकडे असलेला तो जाडजूड ठोकळा कशासाठी आहे, हे तर कोणी विचारतही नाही.

ती बाजू बॅकगॅमनची. इराणात याला तख्ते नर्द म्हणतात, तुर्कस्तानात तावला, ग्रीसमध्ये ताव्ली, इस्रायलमध्ये शेश-बेश. सोंगटीला मराठीत ‘नरद’ असाही एक जुना शब्द आहे, तो याच फारसी नर्दच्या कुळातला. म्हणजे खेळ परका वाटला तरी त्याची भाषा आपल्या ओळखीची आहे.

मी हा खेळ शिकलो तो पुणे-मुंबई गाडीत, एका मित्राच्या चुंबकाच्या पटावर. अडचण एकच होती. १५-१५ सोंगट्यांचा एक डाव रंगात यायचा आणि उतरायची वेळ व्हायची. शेवटी वैतागून त्याने प्रत्येकी १२ सोंगट्या पिशवीत टाकल्या आणि म्हणाला, “आता बघ.” पहिला डाव चहा गार व्हायच्या आत संपला. दुसराही. घाट उतरून कर्जतला येईतो मी सात डाव हरलो होतो आणि आपण का हरतोय हे मला मुळीच कळत नव्हतं. या तीन सोंगट्यांच्या खेळाचं नाव हायपरगॅमन.

आधी मूळ खेळ, झटपट

पटावर २४ त्रिकोण असतात. प्रत्येकाला घर म्हणू. तुमच्या बाजूने मोजलं तर १ ते ६ हा तुमचा स्वतःचा कोपरा, १९ ते २४ हा समोरच्याचा. तुम्ही २४ कडून १ कडे चालता, तो बरोबर उलटा. त्यामुळे तुमचं १ नंबरचं घर म्हणजे त्याचं २४. सगळ्या सोंगट्या आपल्या कोपऱ्यात आणायच्या आणि मग एकेक करून पटाबाहेर काढायच्या, म्हणजे पिकवायच्या. ज्याच्या आधी पिकल्या तो जिंकला.

दान दोन फाशांचं. ५-३ पडलं तर एक सोंगटी पाच आणि दुसरी तीन चालते, किंवा एकच सोंगटी आधी एक आकडा आणि मग दुसरा चालते. दोन्ही फासे सारखे पडले तर तो आकडा चारदा खेळायचा. ज्या घरात समोरच्याच्या दोन किंवा जास्त सोंगट्या आहेत तिथे पाय ठेवता येत नाही. सारीपाटात अशा जोडीला ‘जुग’ म्हणतात. तोच शब्द इथे वापरतो, कारण कामही तेच आहे. जुग फुटलं की सोंगटी मेली, हे दोन्हीकडे खरं. एकटी सोंगटी मात्र मारता येते. मेलेली सोंगटी पटाच्या मधल्या पट्टीवर, म्हणजे बारवर जाते आणि तिला पार मागून, समोरच्याच्या कोपऱ्यातून पुन्हा सुरुवात करावी लागते. ती आत येईपर्यंत तुम्हाला दुसरं काहीही हलवता येत नाही.

लुडोची सवय असलेल्यांसाठी तीन गोष्टी: सुरू करायला सहा पडावे लागत नाहीत, फुलीचं सुरक्षित घर कुठेही नाही, आणि शेवटी नेमकाच आकडा पडायला हवा असंही नाही. तुमची सर्वांत मागची सोंगटी ४ वर असेल आणि ६ पडले, तर ती खुशाल बाहेर काढा.

हायपरगॅमनमध्ये नियम हेच, एकही बदललेला नाही. फक्त मांडणी वेगळी. प्रत्येकाच्या तीनच सोंगट्या, त्याही समोरच्याच्या कोपऱ्यात अगदी आत: तुमच्या २४, २३ आणि २२ वर एकेक. त्याच्या तीन तुमच्या १, २ आणि ३ वर एकेक. सहाच्या सहा सोंगट्या पहिल्या क्षणापासून उघड्या.

भिंत गेली की काय उरतं

मूळ बॅकगॅमनमध्ये चालायची एकूण पावलं प्रत्येकी १६७ असतात. दोन फाशांच्या एका दानात, जोड्यांची चारपट धरून, सरासरी सव्वाआठपेक्षा किंचित कमी पावलं पडतात. म्हणजे कोणी कोणाला मारलं नाही तरी वीसेक दानं लागतात. हायपरगॅमनमध्ये २४, २३ आणि २२ मिळून ६९ पावलं. मारामारी झाली नाही तर नऊ-दहा दानांत खेळ खलास.

पण खेळ लवकर संपतो एवढंच सांगून भागत नाही, कारण त्याची चालच बदलते. मोठ्या खेळात कसबी खेळाडू सलग घरांत जुगं बांधून भिंत उभी करतो. सलग सहा घरं बंद केली की मागे अडकलेली सोंगटी कोणत्याही दानाने सुटत नाही. त्या भिंतीला १२ सोंगट्या लागतात. तुमच्याकडे आहेत तीन. त्यातून जास्तीत जास्त एक घर बंद होतं. म्हणून इथे बार ही कोठडी नाही. समोरच्याने त्याच्या कोपऱ्यात एक जुग बांधलं असलं तरी ३६ पैकी ३५ दानांनी तुम्ही आत येता. दोन्ही फाशांवर नेमका त्याच घराचा आकडा पडला तरच अडता.

मग सोंगटी मेल्याचं एवढं काय? नुकसान पावलांचं असतं, आणि ते सोंगटी कुठे मेली यावर ठरतं. २२ वर मेली तर तीन पावलं गेली, हसून सोडून द्या. पण जवळजवळ घरी पोचलेली, ६ वरची सोंगटी मेली तर १९ पावलं गेली, म्हणजे दोन दानांहून जास्त. ज्या खेळात मुळात नऊच दानं आहेत त्यात दोन दानं म्हणजे फार झाली. शिवाय आत येण्यात अर्धं दान खर्ची पडतं, ते वेगळंच. म्हणून नियम असा: समोरच्याची जी सोंगटी जास्त चालून आलीय ती मारण्यात अर्थ जास्त. गाडीत मी दिसेल ती सोंगटी मारत होतो. त्याच्या नुकत्याच निघालेल्या सोंगट्यांमागे धावताना माझ्या पिकायला आलेल्या सोंगट्या उघड्या पडत होत्या.

कुठे उतरायचं

सारीपाटातलं एक दान पोबारा, एक आणि बारा. आणि मराठीत पोबारा करणं म्हणजे पळ काढणं. हायपरगॅमन म्हणजे तीन सोंगट्यांचा पोबारा. प्रश्न एवढाच असतो की पळताना मध्ये थांबायचं कुठे.

समजा तुम्ही पहिलं दान टाकलं, ६-५ पडले, आणि २४ वरची सोंगटी एका दमात १३ वर आणली. त्याच्या तीन सोंगट्या तुमच्या १, २ आणि ३ वर आहेत. त्यांच्यापासून तुमची सोंगटी १२, ११ आणि १० पावलांवर आहे. दोन फाशांची एकूण दानं ३६ (६-५ आणि ५-६ वेगळी मोजून). दहासाठी ६-४ ची दोन आणि ५-५ चं एक. अकरासाठी ६-५ ची दोन. बारासाठी ६-६, ४-४ आणि ३-३. झाली आठ. म्हणजे ३६ पैकी ८ वेळा मार, २८ वेळा सुटका.

आता तीच सोंगटी तुमच्या ७ वर उभी आहे आणि त्याच्या तिन्ही सोंगट्या अजून मागेच आहेत, असं धरा. अंतरं ६, ५ आणि ४. फाशावर चार, पाच किंवा सहा यांपैकी काहीही आलं की मेलात. तेवढ्यानेच २७ दानं झाली. शिवाय ३-१, ३-२, १-१, २-२ आणि ३-३ बेरजेने मारतात. मोजून पाहा: फक्त २-१ हुकतं. ३६ पैकी ३४!

८ आणि ३४. सोंगटी तीच, फक्त सहा घरं पुढे. ही गोष्ट मनात नीट बसली की अर्धा खेळ आला. समोरच्याच्या सोंगटीपुढची सहा घरं म्हणजे आगीची पट्टी, कारण तिथे एकाच फाशाने मार बसतो. एक पाऊल पुढे असाल तरी ११ दानं तुम्हाला मारतात, सहा पावलांवर असाल तर १७. सातव्या पावलाला हा आकडा एकदम सहावर येतो. म्हणून पट्टीच्या अलीकडे थांबा किंवा एका झेपेत ती ओलांडून त्याच्या मागे जा. अधेमधे रेंगाळू नका.

हे कोष्टक मोठ्या खेळातलंच आहे, पण तिथे वाटेत जुगं उभी असल्यामुळे ते नेहमी जसंच्या तसं लागू पडत नाही. इथे वाटा जवळपास मोकळ्या असतात, त्यामुळे बोटांवर मोजलेलं उत्तर बहुतेक वेळा बरोबर येतं. नवशिक्याला मोजायला शिकवायचं असेल तर मी याच खेळापासून सुरुवात करेन.

जुग बांधावं का? पहिल्याच दानात ते जमू शकतं. ६-४ पडले तर २४ वरची सहा आणि २२ वरची चार चालून दोघी १८ वर एकत्र येतात. दोन फाशांत एकाचा किंवा दोनाचा फरक असला की असं जमतं. दिसायला फार छान. पण जुग घेऊन पुढे जायचं तर जोडी पडायला हवी, आणि साधं दान पडलं की ते फोडावं लागतं किंवा मागे राहिलेल्या तिसरीला सगळा भार उचलावा लागतो. मोठ्या खेळात वाट पाहताना हलवायला इतर सोंगट्या असतात. इथे थांबायची सोयच नाही. पडलेलं दान खेळावंच लागतं. माझं मत असं की जुग बांधायचं ते एखाद-दुसरं दान टळावं म्हणून. त्याच्याकडून जास्त अपेक्षा ठेवू नये.

मागे राहिलेल्या एकटीविषयी मात्र उलट बोलायला हवं. दोन सोंगट्या पळाल्या आणि तिसरी २३ वर राहिली, तर ती ओझं वाटते. पण त्याच्या सोंगट्यांना घरी यायचं तर तिच्या समोरूनच जावं लागतं. ती पहारेकरी आहे. तिला घाईने बाहेर काढलीत आणि तिने त्याच्या सगळ्या सोंगट्या ओलांडल्या, तर उरली नुसती शर्यत. शर्यतीत तुम्ही पुढे असाल तर पळा. मागे असाल तर पहारेकरी उठवू नका. यासाठी दोघांची उरलेली पावलं सतत मोजावी लागतात, आणि तीन-तीन सोंगट्यांची बेरीज करायला कागद लागत नाही.

तो ठोकळा

आता ६४ पर्यंत आकडे असलेला ठोकळा. याला डबलिंग क्यूब म्हणतात. तो १९२०च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये या खेळात आला. डाव सुरू होतो तेव्हा एका गुणाचा असतो. आपली पाळी आली की दान टाकण्याआधी कोणीही म्हणू शकतो, “दुप्पट!” समोरच्याने एकतर तिथेच डाव सोडून एक गुण द्यायचा, किंवा ठोकळा आपल्याकडे घेऊन दोन गुणांचा डाव खेळायचा. एकदा ठोकळा त्याच्याकडे गेला की पुढची दुप्पट फक्त तोच करू शकतो.

दुप्पट स्वीकारावी कधी? समजा अशीच स्थिती १०० वेळा आली. दरवेळी सोडलीत तर १०० गुण गेले. दरवेळी घेतलीत आणि त्यांतल्या २५ जिंकलात, तर ५० आले, १५० गेले. तोटा तोच १००. म्हणजे चारांत एकदा जिंकायची शक्यता असेल तर घेणं आणि सोडणं सारखंच, त्याहून जास्त असेल तर घ्यावी. ऐकायला वेडेपणा वाटेल, पण ७० टक्के हरायची खात्री असलेला डावही घेणं बरोबर असतं.

हायपरगॅमनमध्ये यात एक मोठी मेख आहे. समोरच्याची एकही सोंगटी पिकायच्या आत तुमच्या सगळ्या पिकल्या तर त्याला गॅमन म्हणतात आणि गुण दुप्पट मिळतात. त्यातच त्याची एखादी सोंगटी बारवर किंवा तुमच्या कोपऱ्यात अडकलेली असेल तर तिप्पट. १५ सोंगट्या पिकवायला वेळ लागतो, तेवढ्यात हरणारा एखादी तरी काढतो. इथे तुम्हाला तीनच काढायच्यात. त्याला मात्र पहिली काढण्याआधी तिन्ही घरी आणाव्या लागतात.

समजा तुमच्या तिन्ही सोंगट्या आपल्या कोपऱ्यात आल्या आणि येतायेताच त्याची शेवटची सोंगटी मारली गेली. ती आता तुमच्याच कोपऱ्यात उतरणार, म्हणून तिथे तुमची एकटी सोंगटी असेल तर उलटा मार बसायची किमान ११ दानं त्याच्याकडे आहेत. ती हुकली की त्याच्यापुढे १९ पावलांची वाट, आणि ती संपल्यावर एक सोंगटी पिकवायची. तुम्हाला साधारण दोनच दानं हवीत. दोन दानांत सरासरी सोळा पावलं पडतात. म्हणजे बहुतेक वेळा गॅमन. म्हणून इथे दुप्पट घेताना ‘चारांत एकदा’ पुरत नाही. आपण हरलो तर किती गुणांनी हरू, हेही आधी पाहावं लागतं.

त्याला जोडून जॅकोबी नियम येतो, ब्रिज आणि बॅकगॅमनचे खेळाडू ओस्वाल्ड जॅकोबी यांच्या नावाचा: ठोकळा एकदाही फिरला नसेल तर गॅमन मोजायचं नाही. मोठ्या विजयाचे मोठे गुण हवे असतील तर ठोकळा फिरवायलाच हवा. सात डाव हरताना मी एकदाही ‘दुप्पट’ म्हटलं नव्हतं. मित्राने चारदा म्हटलं, आणि चारही वेळा मी मुकाट्याने ठोकळा उचलला.

सव्वातीन कोटींचा हिशेब

या छोट्या खेळाची खरी गंमत अशी की तो पूर्ण सोडवलेला आहे. १९९०च्या दशकात ह्यू स्कॉनियर्स या अमेरिकी खेळाडूने संगणकावर त्यातल्या प्रत्येक स्थितीचं नेमकं मोल काढलं. अशा स्थिती किती, हे शाळेच्या गणितानेही सांगता येतं.

तुमची सोंगटी २४ घरांपैकी कुठेतरी, बारवर, नाहीतर पिकून बाहेर. एकूण २६ जागा. तिन्ही एकाच जागी: २६ प्रकार. दोन एकत्र, एक वेगळी: २६ गुणिले २५, म्हणजे ६५०. तिन्ही वेगळ्या: २६ × २५ × २४ भागिले ६, म्हणजे २,६००. बेरीज ३,२७६. समोरच्याच्याही तितक्याच, म्हणून वर्ग करा: १,०७,३२,१७६. ठोकळा मध्ये, तुमच्याकडे किंवा त्याच्याकडे, म्हणून तिप्पट: ३,२१,९६,५२८. यात दोघांच्या सोंगट्या एकाच घरात असलेल्या काही अशक्य स्थितीही मोजल्या गेल्यात, पण अंदाज पक्का आहे: सव्वातीन कोटींच्या आत.

नुसतं शेवटाकडून मागे मोजत आलं तर उत्तर मिळत नाही, कारण मेलेली सोंगटी पुन्हा सुरुवातीला जाते आणि खेळ गोल फिरू शकतो. म्हणून सगळ्या स्थितींना आधी अंदाजे मोल देऊन, ते पुन्हापुन्हा सुधारत, आकडे हलायचे थांबेपर्यंत हिशेब फिरवावा लागतो. १५ सोंगट्यांच्या खेळात हे अशक्यच. तिथे १८ पुढे १८ शून्यं लिहावीत इतक्या स्थिती आहेत. तिथल्या यंत्रांना स्वतःशीच खेळून शिकावं लागलं. १९९२ साली आयबीएममध्ये जेराल्ड टेसॉरो यांनी केलेला टीडी-गॅमन हा प्रोग्रॅम असाच शिकला. हायपरगॅमनमध्ये अंदाजाची गरज नाही. जीएनयू बॅकगॅमन या मोफत सॉफ्टवेअरवर तो खेळता येतो आणि चूक नेमकी किती गुणांची झाली तेही कळतं. मी एकदा माझे डाव त्यात घालून पाहिले. चालींत चुका होत्या, पण ठोकळ्याच्या चुका त्याहून कितीतरी महाग होत्या.

त्यातली एक अजून लक्षात आहे. माझ्या दोन सोंगट्या उरल्या होत्या, ६ आणि २ वर, आणि हातात एक पाऊल खेळायचं बाकी होतं. त्याच्या तिन्ही सोंगट्या त्याच्या १ वर, म्हणजे त्याला जोडी पडली नाही तर मला पुढचं एकच दान मिळणार. २ वरची १ वर न्यावी की ६ वरची ५ वर? दोन्हीकडे उरतात सातच पावलं. मी २ वरची १ वर नेली, कारण ती ‘जवळ आली’. पण ६ आणि १ वरून दोन्ही एका दानात पिकायला ३६ पैकी १५ दानं आहेत. ५ आणि २ वरून १९. चार दानांचा फरक. आणि त्यात ठोकळा आला की तो आणखी वाढतो: १९ असतील तर मी पुढच्या पाळीला ‘दुप्पट’ म्हणायला हवं, कारण पारडं माझ्याकडे झुकलेलं आहे, १५ असतील तर तोंड बंद ठेवायला हवं. मी १५ वर दुप्पट केली होती.

खेळून पाहायचं असेल तर पट विकत आणायचीही गरज नाही. कागदावर वर १२ आणि खाली १२ त्रिकोण काढा, मधे बारसाठी एक पट्टी सोडा. कॅरमच्या तीन काळ्या, तीन पांढऱ्या सोंगट्या घ्या आणि लुडोचे दोन फासे. ठोकळ्याऐवजी कागदाच्या चिठ्ठीवर २ लिहा, नंतर खोडून ४ करा. एकाच डावात नशिबाचा वाटा फार मोठा असतो, म्हणून सामना पाच किंवा सात गुणांचा ठरवा. सुरुवातीला दोघांनी एकेक फासा टाकायचा; ज्याचा आकडा मोठा त्याने दोन्ही आकडे खेळायचे. सारखे पडले तर पुन्हा टाका.